जादा चाक, मोटारगाडीचे

मोटारगाडीचे एखादे चाक वाटेत निकामी झाल्यास त्याच्या जागी बसविता यावे म्हणून टायर चढवून व हवा भरून गाडीबरोबर नेण्यात येणारे संपूर्ण चाक. भारतात ते 'स्टेपनी' या नावाने सर्वत्र ओळखले जाते. पक्क्या सडकेवर जादा चाक ही एक सोय असते. ते नसल्यास प्रवासास विलंब होतो, इतकेच. वाळवंटात, डोंगराळ मुलखात किंवा दुर्गम वनप्रदेशात मात्र प्रवाशांची सुटका त्यावर अवलंबून राहू शकते. तथापि आडवाटेवर चालणाऱ्या गाडीचे जादा चाक साधारणतः ३० ते ४० किग्रॅ. वजनाचे असते आणि खाचखळग्यांतून जाताना हे वजन गाडीचा तोल बिघडविते, ज्या भागावर ते टांगले असेल तो भाग मोडते, तर कधी निसटून अपघातही घडविते. संकटनिवारणासाठी घेतलेली वस्तूच संकटाचे कारण ठरू नये, अशा रीतीने ती कोठे व कशी वाहावी, हा प्रश्न मोटारगाडीइतकाच जुना आहे. गेल्या सु. सव्वाशे वर्षांत त्याची अनेक उत्तरे पुढे आली. परंतु प्रत्येक उत्तराने एक अडचण दूर करताना दुसरी निर्माण केली, असे या इतिहासावरून दिसून येते.

उगम : हवा भरलेल्या टायरचे पहिले एकस्व (पेटंट) रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले होते, पण ती कल्पना त्या काळी व्यवहारात रुजली नाही. जॉन बॉइड डनलप यांनी १८८८ मध्ये सायकलीसाठी असा टायर पुन्हा शोधून काढला व त्यानंतर त्याचा प्रसार झपाट्याने झाला [→ टायर]. फ्रान्समध्ये आंद्रे व एद्वार मीशलँ या बंधूंनी १८९५ च्या पॅरिस-बॉर्दो-पॅरिस शर्यतीत हवेचे टायर बसविलेली मोटारगाडी उतरविली. तिचे टायर वाटेत वारंवार फुटले. तथापि एवढ्या लांबच्या पल्ल्यासाठी मोटारगाडी हवेच्या टायरांवर चालू शकते, हे त्यावरून सिद्ध झाले.

त्या काळातील गाड्यांची चाके बहुधा लाकडी आऱ्यांची असून ती आसावर कायमची बसविलेली असत. टायर फुटला की तो पहारीसारख्या पट्ट्यांनी जागच्या जागी उचकटून काढावा लागे; आतील नळीस ठिगळ लावून किंवा नवी नळी घालून टायर पुन्हा चढवावा लागे आणि हातपंपाने हवा भरावी लागे. त्यामुळे सुरुवातीचे मोटारवाले जादा चाक नेत नसत, तर जादा नळ्या व सुटे टायर गाडीस बांधून नेत. हे ओझे हलके होते आणि ते कोठेही अडकविता येई. वाहनाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उद्‌भवला, तो जादा चाक तयार स्वरूपात बरोबर घेण्याची पद्धत सुरू झाल्यावर.

स्टेपनी चाक : वेल्समधील लानेली या गावच्या टॉमस मॉरिस डेव्हिस यांनी १९०४ मध्ये एक युक्ती शोधून काढली. आरे किंवा तुंबा नसलेल्या वर्तुळाकार रिमवर हवा भरलेला टायर चढविलेला असे आणि ही रिम फुटलेल्या चाकाच्या बाहेरील कडेस पकडींनी आवळून बसविण्यात येई. मूळ चाक न काढता गाडी पुढे चालू लागे. डेव्हिस बंधूंचा व्यवसाय लानेलीतील स्टेपनी स्ट्रीटवर असल्यामुळे या साधनास 'स्टेपनी स्पेअर मोटर व्हील' असे नाव देण्यात आले. या चाकाचा वापर पुढे थांबला. पण त्याचे नाव भारत, बांगला देश व माल्टा येथे कोणत्याही जादा चाकाचे सामान्यनाम म्हणून टिकून राहिले. ब्राझीलमधील पोर्तुगीज भाषेतील 'एस्तेपी' हा शब्दही त्यापासूनच आला आहे. मराठी वाहनचालकाच्या बोलण्यात एका वेल्श गावातील रस्त्याचे नाव अशा प्रकारे रूढ झाले आहे.

सुटी होणारी चाके : १९०६ च्या जूनमध्ये ल माँ येथे झालेल्या पहिल्या फ्रेंच ग्रां प्री शर्यतीत काही गाड्यांना मीशलँ कंपनीच्या सुट्या होणाऱ्या रिम बसविल्या होत्या. सामान्यतः टायर बदलण्यास सु. १५ मिनिटे लागत. या रिममुळे ते काम ४ मिनिटांच्या आत होऊ लागले. फेरेंत्स सिस यांनी चालविलेली रनो गाडी या शर्यतीत विजयी झाली व त्या यशात या रिमचा मोठा वाटा होता. मात्र अशी रिम बसविल्याने प्रत्येक चाकामागे सु. ९ किग्रॅ. वजन वाढत होते आणि शर्यतीच्या वजनमर्यादेमुळे काही संघांना ती वापरता आली नाही. वेळेची बचत आणि वजनाची वाढ यांतील हा झगडा पुढील सर्व इतिहासात आढळतो. यानंतर ब्रिटनमध्ये रज-व्हिटवर्थ कंपनीची मध्यभागी एकाच नटाने आवळली जाणारी तारांची चाके प्रचारात आली आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास संपूर्ण चाक काढून दुसरे बसविण्याची पद्धत रूढ होऊ लागली.

सामान्य मोटारगाडीत जादा चाक प्रथम पायफळीवर, नंतर पुढील चिखलरोधकात केलेल्या खोलगट जागेत किंवा गाडीच्या मागे उघड्यावर बसविण्यात येई. १९३० नंतरच्या दशकात सामानाची बंदिस्त पेटी गाडीच्या बांधणीचाच एक भाग बनली आणि जादा चाक तिच्या तळाशी गेले. सडकेवर धावणाऱ्या गाडीपुरता हा प्रश्न येथे बहुतांशी सुटला. आडवाटेच्या गाडीपुरता तो सुटला नाही. कारण तिचे टायर मोठे, सामान अधिक व वाट खडतर असते.

वाळवंटातील अनुभव : पहिल्या महायुद्धात, १९१६ पासून ईजिप्तच्या पश्चिम वाळवंटात ब्रिटिशांच्या हलक्या मोटारींच्या गस्ती तुकड्यांनी फोर्ड मॉडेल-टी गाड्या वापरल्या. या गाड्यांचे सर्वांत मोठे सामर्थ्य हलकेपणा हे होते. त्यानंतर रॅल्फ बॅग्नल्ड व त्यांचे सहकारी यांनी १९२० नंतरच्या दशकापासून १९३२ पर्यंत लिबियाच्या वाळवंटात फोर्ड गाड्यांतून दूरवरचे प्रवास केले. टायरमधील हवेचा दाब कमी करून मऊ वाळूवरून जाणे, रुतलेली गाडी पोलादी पट्ट्यांवरून बाहेर काढणे आणि सूर्य-होकायंत्राने दिशा ठरविणे या पद्धती त्यांनी पद्धतशीरपणे वापरल्या व सुधारल्या. १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिबियन सँड्स या ग्रंथात बॅग्नल्ड यांनी या प्रवासांचा वृत्तांत दिला आहे.

दुसऱ्या महायुद्धात १९४० मध्ये बॅग्नल्ड यांनी उभारलेल्या 'लाँग रेंज डेझर्ट ग्रूप' या पथकाने हाच अनुभव युद्धकार्यात उपयोगात आणला. या पथकाचे शेव्हरोले व फोर्ड मालट्रक तळापासून शेकडो किमी. दूर जात. पेट्रोल, पाणी, अन्न, दारूगोळा व जादा चाके हे सर्व त्याच गाडीत भरावे लागे. अशा प्रवासात ओझ्याची मांडणी हेच एक शास्त्र बनते. जड वस्तू तळाशी व दोन आसांच्या मध्ये, वारंवार लागणाऱ्या वस्तू हाताशी, आणि सर्व वस्तू घट्ट आवळलेल्या, ही लांब पल्ल्याच्या प्रवासातील मांडणीची तीन सूत्रे होत. जादा चाकाच्या बाबतीत त्यांतील पहिली दोन परस्परविरोधी ठरतात. कारण तळाशी ठेवलेले चाक सामानाखाली दबते आणि हाताशी ठेवलेले चाक तोल बिघडविते.

जीप : अमेरिकन सैन्यासाठी १९४१ पासून मोठ्या प्रमाणावर तयार झालेल्या विलीस एमबी या जीपगाडीत जादा चाक मागील उभ्या पत्र्यावर उजव्या बाजूस उघडे बसविलेले असे. मागील भागास दार नसल्यामुळे पत्रा अखंड होता व त्यावर चाकाचा भार टाकणे शक्य झाले. युद्धानंतर १९४५ मध्ये विलीस कंपनीने शेती व इतर नागरी कामांसाठी सीजे-२ए हा नमुना काढला. त्यात सामान चढविण्यासाठी मागे खाली पडणारे फळकूट बसविण्यात आले आणि त्यामुळे जादा चाक गाडीच्या बाजूला हलवावे लागले. गाडीचा उपयोग बदलला की चाकाची जागाही बदलते, याचे हे स्पष्ट उदाहरण होय. या जीपगाड्यांच्या जुळणीस महिंद्र अँड महिंद्र कंपनीने १९४९ मध्ये मुंबईत प्रारंभ केला. स्वातंत्र्योत्तर काळात शासकीय कामासाठी दुर्गम भागांत फिरणाऱ्या भारतातील अनेकांना आडवाटेच्या गाडीचा व तिच्या उघड्यावरील स्टेपनीचा पहिला परिचय जीपमुळे झाला.

लँड रोव्हर व जपानी गाड्या : ब्रिटनच्या रोव्हर कंपनीने १९४८ च्या एप्रिलमध्ये ॲम्स्टरडॅम येथील प्रदर्शनात लँड रोव्हर ही गाडी सादर केली. तिच्यात जादा चाक मागील हौद्यात किंवा बॉनेटवर आडवे ठेवण्यात येई. बॉनेटवरील चाक सहज काढता येते आणि त्याचे वजन दोन आसांच्या दरम्यान पडते. पण बॉनेट उघडणे अवघड होते, एंजिनाची उष्णता टायरास लागते आणि चढावरून माथ्यावर येताना चालकास पुढील जमीन दिसण्यास अडथळा होतो. १९५५-५६ मध्ये ऑक्सफर्ड व केंब्रिज विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांनी दोन लँड रोव्हर गाड्यांतून लंडन ते सिंगापूर हा प्रवास भारतमार्गे केला. अशा मोहिमांमुळे या गाडीची ख्याती जगभर पसरली. पुढे या मालिकेतील डिफेंडर या गाडीत जादा चाक मागील दारावर घेण्यात आले. दीर्घकाळ खडबडीत वाटेवर चालविल्यास चाकाच्या वजनाने दाराच्या चौकटीस व बिजागऱ्यांस चिरा पडत. म्हणून दाराऐवजी गाडीच्या मुख्य भागास जोडलेल्या व बाजूला फिरणाऱ्या स्वतंत्र चौकटीवर चाक घेण्याचा उपाय अनेकांनी योजिला. या जुन्या बांधणीच्या डिफेंडरचे उत्पादन जानेवारी २०१६ मध्ये थांबले. जपानच्या टोयोटा कंपनीच्या लँड क्रूझर एफजे-४० या गाडीच्या काही नमुन्यांत अशी फिरती चौकट कारखान्यातूनच बसविलेली येत असे.

सुझुकी कंपनीची १९७० मधील एलजे-१० ही छोटी गाडी या दृष्टीने लक्षणीय आहे. जपानमधील लघुवाहनांच्या वर्गासाठी गाडीची लांबी ३ मी.पेक्षा कमी असणे आवश्यक होते. जादा चाक मागे बाहेर लावले असते, तर ही मर्यादा ओलांडली गेली असती. म्हणून ते मागील भागात आत ठेवण्यात आले आणि त्यापायी एका प्रवाशाची जागा गेली. याच घराण्यातील व १९८५ मध्ये भारतात आलेल्या मारुती जिप्सी गाडीत, तसेच अलीकडच्या महिंद्र थारमध्ये, जादा चाक मागील बाजूस उघड्यावर बसविलेले आढळते.

जागेचे यामिकीय विवेचन : स्थिर गाडीत ३५ किग्रॅ. वजनाचे चाक आधारावर तेवढाच भार टाकते. खड्ड्यात गाडी आदळून गुरुत्वीय त्वरणाच्या तिप्पट त्वरण निर्माण झाल्यास तोच भार सु. १०५ किग्रॅ. वजनाइतका होतो. पन्हाळी पत्र्यासारख्या लहरी उठलेल्या कच्च्या रस्त्यावर असे लहानमोठे हिसके सतत बसत राहतात. एका हिसक्याने न मोडणारा आधार हजारो हिसक्यांनंतर मोडतो. धातूच्या या शिणवट्याची चीर बहुधा सांध्याजवळ किंवा बोल्टाच्या भोकाशी सुरू होते व बराच काळ लक्षात येत नाही.

मागील आसाच्या १ मी. मागे टांगलेल्या ३५ किग्रॅ. चाकामुळे, पुढील व मागील आसांतील अंतर २·४ मी. असलेल्या गाडीत, मागील आसावरील भार सु. ५० किग्रॅ.ने वाढतो, कारण पुढील आसावरील भार सु. १५ किग्रॅ.ने कमी होतो. तीव्र चढावर पुढील चाकांची पकड ज्या वेळी सर्वाधिक हवी असते, नेमकी त्याच वेळी ती घटते. याशिवाय मागील चाकामुळे दिवे व क्रमांकपट्टी झाकली जाण्याची आणि मागील दृश्य अडण्याची शक्यता असते.

टपावरील चाकाने गुरुत्वमध्य वर जातो. १,८०० किग्रॅ. वजनाच्या गाडीतील ३५ किग्रॅ. वजनाची दोन चाके जमिनीपासून ६० सेंमी. उंचीवरून १९० सेंमी. उंचीवर नेल्यास गुरुत्वमध्य सु. ५ सेंमी. वर सरकतो. त्यामुळे ज्या आडव्या उतारावर गाडी उलटू लागते, त्याचा कोन सु. २ अंशांनी कमी होतो. ही घट अल्प वाटली, तरी तो कोन स्थिर गाडीचा असतो. उतारावर एक चाक खड्ड्यात जाऊन गाडी डोलू लागली की उरलेली सीमा फारच थोडी असते. शिवाय एवढे जड चाक माणसाच्या उंचीवरून एकट्याने उतरविणे इजेचे कारण ठरू शकते.

सांगाड्याखाली साखळीने किंवा तारदोराने टांगलेले चाक गुरुत्वमध्याच्या दृष्टीने उत्तम होय. परंतु मागील आसाच्या मागे ते खाली लोंबत असल्यास उतारावरून सपाटीवर येताना गाडीचा मागील भाग जमिनीस लवकर टेकतो. चिखलाने व गंजाने उचलयंत्र अडकते, आणि गाडी रुतून तळ जमिनीस टेकला असता चाक काढताच येत नाही, म्हणजे गरजेच्या वेळीच ते हाती लागत नाही. गाडीच्या आत ठेवलेले चाक ऊन, चिखल व चोरी यांपासून सुरक्षित असते. मात्र ते सैल असल्यास अपघातात प्राणघातक ठरते. ताशी ५० किमी. वेगाची गाडी टक्कर होऊन ६० सेंमी. अंतरात थांबली, तर ३५ किग्रॅ. चाक जागेवर धरून ठेवण्यास सु. ५७० किग्रॅ. वजनाइतकी प्रेरणा लागते. लवचिक रबरी दोरी किंवा साधी सुतळी ती पेलू शकत नाही.

सुरक्षित वहन : वरील विवेचनावरून काही नियम निघतात. चाकाचा भार पत्र्यावर किंवा दारावर न टाकता सांगाड्यावर अथवा त्याला जोडलेल्या मजबूत चौकटीवर टाकावा. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसविल्यास जादा चाकही जड होते. अशा वेळी मूळ आधार पुरेसा राहत नाही, हे ध्यानात घ्यावे. चाक मध्यभागी बोल्टांनी आवळावे आणि शक्य असल्यास टायराच्या घेरावर दुसरा टेकू द्यावा, म्हणजे ते थरथरत नाही. फिरत्या चौकटीस बंद अवस्थेत दोन्ही टोकांना आधार असावा. तळाशी टांगलेल्या चाकास तारदोर तुटल्यास चाक पडू न देणारी दुय्यम अडकण किंवा स्वतंत्र साखळी असावी. आत ठेवलेले चाक गाडीच्या तळातील पक्क्या कड्यांना दातेरी ताणपट्ट्याने बांधावे. खडबडीत वाटेवर पहिल्या काही किमी. अंतरानंतर आणि नंतर रोज सर्व नट व सांधे हाताने तपासावेत. सैल झालेला नट ही चिरेची पूर्वसूचना असते.

जादा चाकात हवा नसणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. त्यातील दाब चालत्या चाकांबरोबरच मोजावा. न वापरलेला टायरही ऊन व काळ यांमुळे जीर्ण होतो. २००० सालापासून टायराच्या बाजूवर छापल्या जाणाऱ्या चार अंकी खुणेवरून त्याच्या उत्पादनाचा आठवडा व वर्ष कळते. चारही चाकांना गती देणाऱ्या गाडीत जादा चाक इतर चाकांच्याच मापाचे असावे. घेरात फरक असल्यास पुढील व मागील आसांच्या गतीत फरक पडून शक्तिविभाजक दंतचक्रांवर अनावश्यक ताण येतो.

आधुनिक स्थिती : जादा चाक टाळण्याचे प्रयत्नही सतत होत आले आहेत. डनलप कंपनीने १९७० नंतरच्या दशकात हवा गेल्यावरही काही अंतर चालू शकणारा टायर बाजारात आणला. त्याच दशकापासून अमेरिकेत अरुंद व हलके तात्पुरते चाक प्रचारात आले. ते साधारणतः ताशी ८० किमी. पर्यंतच्या वेगासाठी असून त्यात दर चौ. सेंमी.ला सु. ४·२ किग्रॅ. इतका उच्च दाब ठेवावा लागतो. वाळूत किंवा दगडधोंड्यांत ते निरुपयोगी ठरते. भारतात जुलै २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करण्यात आली. नळीविरहित टायर, हवेचा दाब दर्शविणारी यंत्रणा व दुरुस्तीचे साहित्य असलेल्या ३·५ टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना त्यान्वये जादा चाकाची सक्ती राहिली नाही. नळीविरहित टायरातील खिळ्याचे छिद्र रबरी दोरीने बुजविणे आज सोपे झाले आहे. परंतु धारदार दगडाने टायराची बाजू फाटल्यास किंवा रिम वाकल्यास असा उपाय चालत नाही, आणि आडवाटेवर हेच प्रकार अधिक घडतात.

डिसेंबर १९७८ मध्ये पॅरिसहून सुरू झालेली डाकार शर्यत सहारातून २००७ पर्यंत, २००९ ते २०१९ या काळात दक्षिण अमेरिकेत आणि २०२० पासून सौदी अरेबियात भरविली जात आहे. तीत भाग घेणाऱ्या मोटारी आजही एकाहून अधिक जादा चाके नेतात, आणि अलीकडच्या बांधणीत ती शक्य तितकी खाली व गाडीच्या मध्याजवळ ठेवण्याकडे कल आहे. या गाड्या मुळातच त्या चाकांसाठी जागा सोडून बांधल्या जातात. सामान्य प्रवाशास मात्र तयार गाडीतच तडजोड करावी लागते. ती करताना वाट कोणती, सोबत किती गाड्या व मदत किती अंतरावर, यांचा विचार करून जागा निवडणे आणि निघण्यापूर्वी ते चाक एकदा काढून पुन्हा बसवून पाहणे इष्ट ठरते.